बेळगाव-जांबोटी-चोर्ला: रोमिंगमध्ये फोन अडला तर आधी हे बघा, दुकानात नंतर जा

सरळ मुद्द्यावर येतो. कागलच्या पुढं दूधगंगेचा पूल ओलांडला की "महाराष्ट्राचं सिम हिकडं चालत नाही" असं जो सांगेल तो एकतर अडाणी आहे, नाहीतर तुमच्या खिशावर त्याचा डोळा आहे. हे काय काश्मीर नाही. तिथं बाहेरच्या राज्याचं प्रीपेड खरंच चालत नाही, कर्नाटकात तसलं काही नाही. २०१७-१८ च्या सुमारास देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे पण गेले, घरी जो अनलिमिटेड पॅक तोच बेळगावात. तरीपण माझ्या मावसभावाकडून बसस्टँडजवळच्या एका दुकानदारानं "रोमिंग ॲक्टिव्हेट करायचे" म्हणून ३०० रुपये घेतले, आणि वर फोनची अशी वाट लावून दिली की पुढचा सगळा प्रवास ती निस्तरण्यात गेला. म्हणून हे लिहितोय.

आम्ही दोन बाईकवर, कोल्हापूर ते बेळगाव, मग जांबोटी-कणकुंबी-चोर्ला करून गोव्यात, आणि येताना सावंतवाडी-आंबोलीकडून वर. बाईक, रेनकोट, पंक्चरचं सामान वगैरे तुमचं तुम्ही बघा, त्यावर बोलत नाही. बेळगावातला दिवस मस्त गेला, कुंदा खाल्ला, कॅम्पात फिरलो, झोपलो.

तर झालं असं. कोगनोळी टोलच्या जवळपास भावाचं नेट बंद. कॉल येत होते, जात होते, फक्त नेट नाही, आणि सिग्नलच्या शेजारी छोटा आर (R), म्हणजे फोन रोमिंगवर. हे एवढं लक्षण दिसलं की ९० टक्के वेळा एकच कारण असतं, डेटा रोमिंगचं बटण बंद. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मोबाईल नेटवर्क, तुमचं सिम, तिथं डेटा रोमिंग. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या ऑप्शन्समध्ये. बरेच फोन दुकानातून येतानाच ते बंद ठेवून येतात, आणि घरातली मोठी माणसं "बिल येईल" म्हणून बंद करतात ते वेगळंच. देशात बिल येत नाही, परदेशात येतं. चालू करा, अर्धा मिनिट फ्लाइट मोड, झालं. मी तेव्हा पुढं होतो, निपाणीच्याही पुढं गेलो होतो, आणि हा बेळगावात पोचून मला न विचारता थेट दुकानात गेला.

दुकानदार म्हणाला, "तुमचं सिम महाराष्ट्राचं हाय न्हवं, रोमिंग उघडायला लागतंय." मग त्यानं काय काय केलं ते आम्हाला नंतर एकेक करून सापडत गेलं. नेटवर्क सेटिंग रीसेट मारलं, म्हणजे घरच्या वायफायचे पासवर्ड, हेल्मेटच्या ब्लूटूथची जोडणी, सगळं साफ. दोन्ही सिम काढून स्लॉटची अदलाबदल केली. नेटवर्क मोड "फक्त ४जी" करून ठेवला, का तर स्पीड येतो. आणि शेवटी ते रोमिंगचं बटण दाबलं, ज्यानं खरं काम झालं. पावती मागितली तर म्हणे सेटिंगची पावती नसते. वर "लोकल सिम घेऊन ठेवा" म्हणून आग्रह, आणि मशीनवर अंगठा लावताना "पहिला लागला न्हाई, परत लावा". तिथं मी पोचलो म्हणून थांबलं. असा दुसरा अंगठा कधीच लावू नका. पहिला खरंच फेल झाला की नाही हे स्क्रीनवर स्वतः बघा, कारण त्या दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावानं आणखी एक सिम निघू शकतं. एका माणसाच्या नावावर ९ सिमची मर्यादा आहे आणि तुमच्या नावावर किती चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. घरी जाऊन बघा, आत्ताच बघितलं तरी चालेल.

संध्याकाळभर सगळं चालत होतं, म्हणून भाऊ खूश आणि मीच कुरकुऱ्या ठरलो. खरी मजा सकाळी जांबोटीत.

नाष्टा झाला, ह्यानं पैसे द्यायला ॲप उघडलं तर ॲप म्हणतंय तुमचा नंबर परत तपासा. कारण स्लॉट बदलले. यूपीआय तुमच्या सिमला आणि फोनला बांधलेलं असतं. सिम हलवलं, बदललं की बऱ्याच ॲपना संशय येतो आणि ते त्या सिमवरून एक एसएमएस बँकेकडं पाठवायला बघतं. इथं लोक फसतात, त्यांना वाटतं नेट असलं की झालं. मी हॉटस्पॉट दिला, ॲप उघडलं, पण एसएमएस हॉटस्पॉटवरून जात नाही, त्याला त्याच सिमचा टॉवर लागतो. आणि टॉवर तर गायब, "सेवा नाही". माझ्या फोनला दोन कांड्या. आता ह्याच्या कंपनीचा त्या भागात ४जी नव्हता, जुना २जी होता, आणि फोन "फक्त ४जी" वर अडकवून ठेवलेला. मोड ऑटोवर केला तर मिनिटात रेंज आली. पण एसएमएस तरी जाईना! पॅकमध्ये एसएमएसच नव्हते, स्वस्तातला पॅक, आणि मेन बॅलन्स शून्य. रोमिंगमध्ये एसएमएसला ट्रायनं (टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था) २०१५ मध्ये लावलेली कमाल मर्यादा लोकलला २५ पैसे, एसटीडीला ३८ पैसे अशी होती, म्हणजे प्रश्न काही पैशांचा आणि ते नव्हते म्हणून माणूस नाष्ट्याचं बिल देऊ शकत नाही. माझ्या फोनवरून त्याला छोटा टॉपअप मारला, मग एसएमएस गेला, मग ॲप चालू. हॉटेलवाले मामा मात्र भारी माणूस. म्हणाले, "न्हाई तर ऱ्हाऊ द्या की, परत येताना द्या." कसले परत येणार, आम्ही गोव्यात उतरणार होतो, ते मी रोख दिले.

ॲप नव्यानं जोडलं की बऱ्याचदा पहिले २४ तास रकमेला कमी मर्यादा असते, तेव्हा मोठं पेमेंट त्या दिवशी धरू नका. आणि ज्यांनी नुकतंच सिम बदलून घेतलंय, हरवलं म्हणून किंवा ई-सिम केलं म्हणून, त्यांनी लक्षात ठेवा की बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंदच असतात. ओटीपी येणार नाही, कितीही फ्लाइट मोड केला तरी. निघायच्या आदल्या दिवशी सिम बदलायचा शहाणपणा कोणी करू नये.

आता जांबोटी ते चोर्ला. ह्या पट्ट्यात फोनवर अवलंबून राहू नका, एवढंच. रस्ता वाईट, खड्डे पाण्यानं भरलेले, दोन्ही बाजूला भीमगडचं जंगल, आणि रेंज वळणावळणाला येते-जाते. इथं सेटिंग करून काही होत नाही, टॉवरच नसला तर बटण काय करणार. लोक थांबून फोन हवेत धरतात, परत परत रीस्टार्ट करतात, बॅटरी घालवतात. कणकुंबी गाव ओलांडायच्या आधी घरी फोन करून टाका आणि सांगा की आता दोन तास लागणार नाही. मॅप बेळगावातच डाउनलोड करा. लोकेशन नेटशिवाय चालतं, उपग्रहावरून येतं, फक्त नेट नसलं की पहिल्यांदा पकडायला वेळ लागतो, तेवढं उभं राहायचं. अडचण आलीच तर ११२ लावा, तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, म्हणून "फक्त इमर्जन्सी कॉल" दिसलं तर ते निरुपयोगी नाही. पण टॉवरच नसेल तर तोही नाही.

मला जर कोणी एकच गोष्ट विचारली तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम. एकाच कंपनीची दोन घेऊन फिरणारे बघितले की हसू येतं. त्यातलं एक तरी २जी असणारं ठेवा, कारण ज्या कंपनीकडं फक्त ४जी-५जी आहे तिथं कॉलसुद्धा व्होल्टीईवरूनच (४जी नेटवरून कॉल करायची सोय) जातो, आणि ते बटण बंद असेल तर नेट पळतंय आणि कॉल लागत नाही अशी उलटी तऱ्हा होते. आमच्या केसच्या बरोबर उलट. मुक्कामाला वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, जाड भिंतीच्या जुन्या घरात फार उपयोगी पडतं.

कन्नडमध्ये रेकॉर्डिंग ऐकू आलं तर घाबरू नका, फोन ब्लॉक झालेला नाही, तिकडचं नेटवर्क तिकडच्या भाषेत बोलतं. शेजारच्या कोणालाही ऐकवा, खानापूर तालुक्यात मराठीत समजावून सांगतात.

चोर्ला उतरून गोव्यात गेलो आणि आर गायब! टेलिकॉमच्या हिशोबात महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल, म्हणजे सिमचा घरचा विभाग, आहे (मुंबई तेवढी वेगळी), त्यामुळं गोव्यात आपलं सिम घरच्यासारखं आणि मधलं बेळगाव तेवढं परकं. भाऊ म्हणाला दुकानदाराचं सेटिंग गोव्यापर्यंत चाललं बघ. मी काही बोललो नाही.

शेवटचा ताप म्हणजे चंदगड-बेळगाव रस्ता. आंबोलीहून चंदगडकडून आम्ही परत एकदा बेळगावच्या दिशेनं आलो, एक काम होतं. शिनोळी ते बाची ह्या टप्प्यात फोनचं "दोन घरचा पाहुणा उपाशी" असं होतं, कधी महाराष्ट्राचा टॉवर, कधी कर्नाटकाचा, चालू कॉल तुटतो, आणि सारखं घरचं नेटवर्क शोधत बसल्यामुळं बॅटरी उतरते. काहीजण सांगतात की नेटवर्क हातानं निवडून ठेवा. त्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ते ठीक आहे. तुम्ही फिरणारे असाल तर नको, कारण हातानं निवडलेलं नेटवर्क विसरलं जातं आणि मग वीस किलोमीटर पुढं गेल्यावर फोन दुसऱ्या कुठल्याही टॉवरला लागतच नाही, आणि परत कोणीतरी दुकानात जाऊन ३०० रुपये देतो. ऑटोवर राहू द्या, कॉल तुटला तर परत लावा, पॉवर बँक टाकीच्या बॅगेत वर ठेवा, खाली रेनकोटच्या आत नको.