व्हाइट क्लाउडची टाकी : हीटर 22 वर

माशांच्या तीन फुटी टाकीचा हीटर या हिवाळ्यात 22 अंश सेल्सियसवर पक्का केला. एंजल आणि रॅम हे मासे दुसऱ्या टाकीत 28 वर मजेत आहेत, त्यांना हात लावलेला नाही. या टाकीत व्हाइट क्लाउड, झेब्रा डॅनियो आणि पेपर्ड कोरी हे तीन प्रकारचे मासे.

हीटर लावला की 26-27 ठेवायचा, ही सवय आपल्याकडे फार घट्ट बसली आहे. मला ती पटत नाही. व्हाइट क्लाउड हा चीनमधल्या ग्वांगझोउजवळच्या बाययुन डोंगरातल्या ओढ्यांचा मासा, 1932 मध्ये शास्त्राला माहीत झालेला. त्याला 18 ते 22 मानवतं. पेपर्ड कोरी दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या पट्ट्यातला, तोही थंडीला सरावलेला. झेब्रा आपल्या गंगेच्या खोऱ्यातला. तिथला उन्हाळा-हिवाळा काढणाऱ्याला 22 म्हणजे काहीच नाही. तिघांचं जमतं ते इथेच.

28 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 7.8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 22 ला साधारण 8.7. फरक छोटा वाटतो, पण गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. शिवाय मासा लवकर म्हातारा होतो.

दुकानातून आले तेव्हा व्हाइट क्लाउड 28 च्या पाण्यात होते. रोज एकेक अंश उतरवत आणले. सुरुवातीला सगळे फिल्टरच्या धारेपाशी गोळा व्हायचे, कल्ले भराभर हलत. आता टाकीभर फिरतात. दोन नर समोरासमोर आले की पाठीचा आणि पोटाखालचा पर ताणून अंगाला अंग लावून थरथरत पोहतात, शेपटीचा लाल ठिपका भडक होतो. हे बघायला मी सकाळचा चहा टाकीसमोरच घेतो. जावा मॉस या पाणवनस्पतीत पिल्लंही दिसली, डोळ्यांपासून शेपटीपर्यंत निळी-हिरवी चमकती रेघ. मोठे त्यांना फारसे त्रास देत नाहीत, तरी मॉस दाट ठेवलंय.

मग हीटर कशाला? रात्री पाणी उतरतं, दुपारी चढतं, ती ओढाताण टाळायला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अशाच वेळी डोकं वर काढतो. आणि तो आला तर हीटर 30 वर न्यायचा नेहमीचा उपाय या टाकीत करायचा नाही. मीठही कोरीला जड जातं. म्हणून नवे मासे आधी वेगळ्या टाकीत, ही शिस्त मी मोडत नाही.

फेब्रुवारी सरला की हीटर काढणार. एप्रिलसाठी काठावर बसणारा छोटा पंखा आणलाय. पाण्यावरून वारा गेला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणीही भराभर आटतं, तेव्हा रोज वरून भर घालावी लागेल. झाकण मात्र जाळीचंच हवं, झेब्रा उडी मारतात.