कुंदा, पुढे प्रश्नचिन्ह

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मागणीची लवचिकता शिकवताना मी गेली कित्येक वर्षं कुंद्याचं, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईचं, उदाहरण देतो. मागणीत झालेला टक्केवारीतला बदल भागिले किमतीतला टक्केवारीतला बदल, ही व्याख्या इंग्रजीत फळ्यावर लिहायची. मग पुस्तक मिटायचं, टेबलाला टेकायचं आणि बेळगावी मराठीत सुरू व्हायचं. मीठ महागलं म्हणून कुणी आमटी अळणी करतं का? नाही. पण कुंदा महागला की पाहुण्यांसाठी अर्धा किलोचा पाव किलो होतो की नाही? वर्ग हसतो. या दोन-तीन मिनिटांवर माझा जीव.

गेल्या वर्षी दोन विद्यार्थ्यांना घेऊन छोटंसं संशोधन करायचं ठरवलं. एक जांबोटीकडची मराठी मुलगी, दुसरा सौंदत्ती तालुक्यातला, हॉस्टेलवर राहणारा कन्नड मुलगा. आपल्याकडे प्राध्यापकाच्या संशोधनात पोरांचं काम म्हणजे प्रश्नावल्या वाटणं, झेरॉक्स काढणं आणि शेवटी 'आभार' या मथळ्याखाली एका ओळीत बसणं. मला तसं नको होतं. प्रश्न त्यांनीही ठरवायचे, निष्कर्ष त्यांनीही काढायचे, नावं तिघांची. कल्पना माझी नव्हे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून 2017 पासून विद्यार्थी-शिक्षक भागीदारी याच विषयाचं नियतकालिक निघतं. आमच्याकडे मात्र याला ना गुण, ना क्रेडिट. कर्नाटकात 2021-22 ला आलेला चार वर्षांचा पदवीक्रम 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांवर आला आणि चौथ्या वर्षाच्या संशोधनाचं दार आमच्यापुरतं मिटलं. तरी दोघं हौसेनं आली.

विषय साधा: मुलं वर्गात प्रश्न का विचारत नाहीत? माझं उत्तर आधीच तयार होतं. इंग्रजीची भीती.

पहिल्याच बैठकीत मुलीनं संमतीपत्र बाजूला सारलं. "सर, इंटरनलचे मार्क तुमच्या हातात. तुम्ही सही मागितली तर नाही कोण म्हणणार की वो?" मग ठरलं की मुलाखती हे दोघंच घेणार आणि निकाल लागेपर्यंत मला कुणाचंही नाव कळणार नाही. तास रेकॉर्ड करायचे तर कुणाचे? दुसऱ्यांचे मागायला संकोच वाटला, म्हणून मी माझे देऊन टाकले. हे औदार्य पुढे महागात पडलं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत एक गोष्ट मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतो. तेच थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. मी हे दोघांना मोठ्या रंगात सांगितलं आणि रेकॉर्डिंग त्यांच्या हवाली केलं.

तो शनिवारचा दिवस. पाऊस धरलेला, विभागात आम्ही तिघंच. एरवी बडबडणारी मुलगी लॅपटॉप उघडून गप्प. मुलगा खिडकीतून सायकल स्टँड बघत होता.

"सर, राग येणार नाही न्हवं?"

"अगं, संशोधनात कसला राग?" आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

तक्त्यात तीन रकाने होते: प्रश्न कुठल्या भाषेत, मी किती थांबलो, उत्तर कुणी दिलं. इंग्रजी प्रश्नांपुढे थांबण्याचा वेळ जवळजवळ शून्य, कारण उत्तर मीच दिलेलं. मराठी प्रश्नांपुढे जरा बरं, पण उत्तर देणारी तीच पुढची दोन बाकं. कन्नडचा रकाना पूर्ण रिकामा. मला कन्नड येतं. रविवार पेठेत घासाघीस कन्नडमध्ये करतो, ऑफिसातली भांडणंही कन्नडमध्येच. वर्गात मात्र एवढ्या तासांत एक 'तिळीतेन?', म्हणजे 'कळलं का?', सुद्धा नाही.

मी म्हटलं, निम्मा वर्ग मराठी आहे, त्यांना तरी फायदा होतो ना. मी कॉलेजात होतो तेव्हा ऑफिसातला कन्नड फॉर्म हातात घेऊन तासभर उभा राहिलोय. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या पोरांना कुणीतरी आपल्या भाषेत समजावणारं पाहिजे.

मुलीनं मुलाकडे पाहिलं. "तेच सांगायचंय सर. तुम्ही मराठीत सुरू झाला की आम्ही पेन खाली ठेवतो."

"का?"

"पेपर इंग्रजीत लिहायचा असतो न्हवं. मराठी आलं म्हणजे हे परीक्षेत नाही, असं वाटतं. ऐकायला लई छान वाटतं, सर." शेवटचं वाक्य तिनं माझ्यासाठी जोडलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

मग मी जे केलं ते लिहायला हवं. मी म्हणालो, सॅम्पल लहान आहे. सांगितलं, मुलाखतीत मुलं काहीही बोलतात. वीस वर्षांत शिकलेले संशोधनपद्धतीचे सगळे शब्द मी त्या दोन पोरांच्या अंगावर टाकले. दोघं खाली मान घालून ऐकत राहिली.

माझं संपल्यावर मुलानं आपला मोबाइल पुढे केला. तोडक्या मराठीत म्हणाला, "सर, वह्या पण बघितल्या." त्याच एका तासाच्या सहा वह्यांचे फोटो, नावं झाकलेली. प्रत्येक वहीत लवचिकतेची व्याख्या आहे, सूत्र आहे, त्याखाली मोकळी जागा आणि थेट पुढचा मुद्दा. कुंद्याची तीन मिनिटं कुठेच नाहीत. मराठी मुलांच्या वह्यांतही नाहीत. अपवाद एकच. एका वहीत समासात, कन्नड अक्षरांत, 'कुंदा' एवढाच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह.

ते मी बराच वेळ बघत राहिलो. त्या मुलाला किंवा मुलीला कुंदा म्हणजे काय हे नक्कीच माहीत होतं. बेळगावात राहून ते चुकणार कसं! सर लवचिकतेच्या मधेच मिठाईबद्दल का बोलू लागले आणि सगळे का हसले, एवढंच कळलं नव्हतं.

चार वाजत आले. जांबोटीची बस चुकली तर मुलीची पंचाईत, आणि बायकांना तिकीट माफ झाल्यापासून त्या बसला पाय ठेवायला जागा नसते. दप्तर आवरता आवरता तिनं विचारलं, "अहवालात 'काही शिक्षक' असं लिहू का, सर?"

मोह झाला. खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, "एकाच शिक्षकाचे तास आहेत. 'एक शिक्षक' लिही."

आता उदाहरण झालं की मी तेच दोन ओळींत, परीक्षेत लिहिता येईल अशा इंग्रजीत, फळ्यावर लिहितो. कन्नडमध्येही विचारतो. माझे उच्चार ऐकून मागची बाकं हसतात, पण निदान हसतात. प्रश्न विचारून मनात तीन अंक मोजणं मात्र अजून जमत नाही. दोनावरच जीभ वळवळते.

अहवाल पूर्ण झाला तेव्हा पहिल्या पानावर तिघांची नावं होती, माझं तिसरं. मी काही बोललो नाही, फक्त जरा जास्त वेळ त्या ओळीकडे पाहिलं असणार.

"अल्फाबेटिकल आहे, सर," मुलगा घाईघाईनं म्हणाला.

घरी जाऊन मी तपासलं. नव्हतं.