तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याचं बोलायचं राहिलं

"ताई, श्रीमंत मुलगी आणि गरीब मुलगा, हे आपण कितीदा वाचलंय. त्या आयरिश कादंबरीत असं काय आहे, की दिसेल त्याच्या हातात ती ठेवता?" वाचनालयात पुस्तक बदलायला येणारे मला हे इतक्यांदा विचारतात, की एकदा नीट लिहूनच सांगते.

सॅली रूनी यांची 'नॉर्मल पीपल' २०१८ साली आली. गोष्ट सुरू होते जानेवारी २०११ मध्ये, स्लायगो भागातल्या एका छोट्या गावात. कॉनेल आणि मॅरिअन एकाच शाळेत. त्याची आई लोरेन तिच्या घरी साफसफाईला जाते, आणि आईला न्यायला म्हणून हा त्या मोठ्या घराच्या दारात उभा राहतो. शाळेत मात्र तो सगळ्यांचा लाडका आणि ती एकटी, म्हणून प्रेम लपवतो तो. निरोपाच्या नाचाला तो दुसऱ्याच मुलीला विचारतो. लोरेनला हे कळतं तेव्हा ती मुलाच्या गाडीतून उतरते आणि बसने घरी जाते. ज्या घरची लादी ती पुसते, त्या घरच्या मुलीसाठी!

पण तुमचं उत्तर पुढे, डब्लिनमध्ये आहे. दोघं ट्रिनिटी कॉलेजात शिकतात. उन्हाळ्याच्या तोंडावर कॉनेलचं हॉटेलातलं काम कमी होतं आणि खोलीचं भाडं झेपेनासं होतं. मॅरिअनचा फ्लॅट तिच्या घरच्यांच्या मालकीचा, तिला भाड्याची चिंता नाही. बहुतेक रात्री तो तिथेच असतो. "सुट्टीभर इथे राहू का?" एवढंच विचारायचं. त्याला ते विचारवत नाही. तो गावी जायचं म्हणतो, तिला वाटतं याला आपण नकोशा झालो, आणि दोघं वेगळे होतात. बाप आडवा आलेला नसतो, कुणी धमकी दिलेली नसते. आडवं येतं ते भाडं.

पुढे दोघांनाही कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते: फी माफ, राहणं फुकट, रोजचं एक जेवण. मॅरिअनसाठी तो मान. कॉनेलसाठी सगळं जगच बदलतं. तो युरोप फिरतो, व्हिएन्नात व्हर्मेरच्या चित्रासमोर दुपार घालवू शकतो. पैशाने माणसाला काय मिळतं, हे इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

माझी आई पोळ्यांच्या कामाला जायची. एका घरचा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि मला आवडायचा. बारावीच्या सहलीला येतेस ना, असं त्याने मला दोनदा विचारलं. पैसे हवे असते तर आई त्याच्याच आईकडे उचल मागणार होती. मी म्हटलं, मला यायचं नाही. त्यानंतर सायकलस्टँडवर तो माझ्यासाठी थांबेनासा झाला.

आईला मी हे कधी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी लोरेनची गोष्ट मात्र तिला सांगितली, गाडीतून उतरण्यापर्यंत. पोळपाट पुसता पुसता तिने ऐकलं. म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी कामाला गेली असेल ना ती?"