तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पावसात सगळ्यात अवघड काय गेलं?

"समुद्र की चढ?" दर गणपतीत, आमच्या इथल्या मंडळाच्या जेवणाच्या रांगेत, कुणी ना कुणी हे विचारतंच. वेल्समधल्या टेन्बी गावी मी आयर्नमॅन ही शर्यत केली आणि त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत पाऊस नि वारा होता, एवढं सगळ्यांना माहीत आहे. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल, 42.2 किलोमीटर पळणं, सगळं 17 तासांत. हातात ताट धरून मी "चढ" म्हणते आणि पुढे सरकते. खरं उत्तर वेगळं आहे. सगळ्यात अवघड गेली ती बोटं.

समुद्राची भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून त्याचं आधी सांगते. सप्टेंबरात तिथलं पाणी साधारण 16 अंशांवर असतं, आणि वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, असला की ते सोसवतं. उजाडता उजाडता नॉर्थ बीचवर वेल्सचं राष्ट्रगीत म्हणतात. वाळूत उभे असलेले आम्ही, वर कड्यावर गर्दी करून उभं असलेलं गाव, सगळे एका सुरात. मला त्या भाषेतले चार शब्दही येत नाहीत, तरी गळा दाटून आला. पाण्यात लाटा होत्या, दोनदा नाकातोंडात खारं पाणी गेलं. पण मी कराडजवळच्या एका विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोहायला शिकले आहे. काकांनी काठावरून ढकलून दिलं होतं तेव्हाची धडकी त्या लाटांपेक्षा मोठी होती.

चूक झाली ती पाण्याबाहेर आल्यावर. टेन्बीत समुद्रावरून नागमोडी चढ चढून, गावातून जवळजवळ एक किलोमीटर पळत सायकलपाशी जावं लागतं. तंबूत जाड हातमोजे ठेवले होते, पण ओल्या, सुजल्यासारख्या बोटांवर ते चढेनात. दोन मिनिटं झटापट केली आणि मोजे तिथेच टाकून निघाले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. थंडी वाजली की शरीर काळीज-फुप्फुसं वाचवायला हातापायांचं रक्त आखडतं घेतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरी निघाले.

पेम्ब्रोकपर्यंत ठीक होतं. तिथून रस्ता अँगलच्या भूशिरावर जातो, उजवीकडे तेलशुद्धीकरण कारखान्याची धुराडी दिसतात, आणि नैर्ऋत्येचा वारा थेट तोंडावर येतो. पुढे फ्रेशवॉटर वेस्टला रस्ता समुद्राला लागूनच आहे. वाऱ्याबरोबर वाळू येत होती, गालांवर टोचत होती. आपल्याकडून येणाऱ्या मित्रमंडळींना मी हे आवर्जून सांगते: सह्याद्रीतल्या पावसात घाट चढलात म्हणजे तयारी झाली असं धरू नका. आपला पाऊस भिजवतो, पण अंगातली ऊब सहसा नेत नाही. इथला पाऊस वाऱ्याला धरून येतो आणि ओल्या कपड्यांतून तासन् तास ऊब ओढून नेतो.

80 किलोमीटरच्या आसपास गिअर बदलायला गेले तर बोटानं खटका दाबला जाईना. मग तळहाताच्या टाचेनं ढकलून गिअर बदलू लागले. ते जमत होतं. खाणं जमत नव्हतं. जेलची, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाची, पुडी दातांनी फाडायला गेले, निम्मी बोटांवर सांडली. केळं हातात आलं, सोलता येईना, ते पडलं. कुडकुडायलाही साखर लागते. पोटात काही नसलं तरी कुडकुडणं आवरत नाही, आणि कुडकुडण्यात उरलीसुरली साखरही जाते. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणीही प्यायले नव्हते. नारबर्थकडे चढताना रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ मला दोन-दोन दिसत होती.

उताराला तर ब्रेक पूर्ण पंजानं आवळावे लागत होते आणि आवळले गेलेत की नाही हे बोटांना कळतच नव्हतं. सायकल हळू झाली की समजायचं, लागला. वाइजमन्स ब्रिजचा उतार दोनदा उतरायचा होता. पहिल्या खेपेला मी इतकी घाबरले की मोठ्यानं रामरक्षा म्हणत उतरले.

त्यानंतरच्या एका खाण्याच्या थांब्यावर पाय टेकवला तो सोडून द्यायचं ठरवूनच. तिथे साठीच्या एक बाई केळी वाटत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. केळं सोललं, तुकडा मोडला, माझ्या तोंडात घातला. मग दुसरा. मग माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिल्या. खाणं वाटायला म्हणून त्या पातळ रबरी हातमोजे घालून होत्या, खोक्यातून त्यांनी नवी जोडी काढली आणि लहान मुलाला घालावी तशी एकेक बोट करून मला घातली. मी दवाखान्यात रोज दहा वेळा घालते तेच मोजे! त्यात ऊब नसते, पण वारा आत येत नाही. वीसेक मिनिटांनी करंगळी सोडून बाकीची बोटं दुखायला लागली, आणि त्या दुखण्याचा मला इतका आनंद झाला की रडू आलं.

दुसऱ्या खेपेचा सॉन्डर्सफूटचा चढ मला मान वर करून बघता आला. एवढ्या पावसात लोक छत्र्या टाकून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, घंटा वाजवत होते, छातीवरच्या क्रमांकाखालचं माझं नाव वाचून, चुकीचं उच्चारून, ओरडत होते. सायकल ठेवल्यावर हेल्मेटचं बक्कल मला काढता आलं नाही. एका शाळकरी मुलानं ते काढून दिलं.

पळणं लांब होतं, पण सोपं होतं. न्यू हेजेसपर्यंत वर जायचं, खाली गावात यायचं, असे चार फेरे, दर फेऱ्याला हातात नवा रंगीत पट्टा. पळताना अंग तापतं आणि हातांना काम नसतं. 15 तास 48 मिनिटांनी मी रेघ ओलांडली.

चार दिवसांनी गणपती बसले. सकाळी उकड मळली, पारी केली आणि कळ्या पाडायला घेतल्या, तर करंगळी आणि अनामिकेला पारीची जाडी कळेना. हँडलवर तासन् तास रेलून मनगटातली नस दबते, तिला सुटायला वेळ लागतो. दोन मोदक फाटले. मग नवऱ्यानं हात धुतले आणि माझ्या शेजारी बसला. मी सारण भरत गेले, तो कळ्या पाडत गेला. एकवीस झाले.