सोतेर्न: बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या गावात

सोतेर्नला जायचं तर ऑक्टोबरात जा. उन्हाळ्यात बागा हिरव्यागार असतात, फोटो सुरेख येतात, पण ज्यासाठी इतक्या लांब यायचं ते तेव्हा तिथे नसतं. इथे बघायचं असतं ते द्राक्षांचं कुजणं, आणि त्याचा हंगाम सप्टेंबर सरता सरता सुरू होतो तो नोव्हेंबरपर्यंत चालतो.

बोर्दो शहरापासून आग्नेयेला साधारण ४० किलोमीटरवर, गारोन नदीच्या डाव्या काठाला हा छोटासा टापू आहे. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक अशी पाच गावं, मधे द्राक्षबागा आणि जागोजागी शातो, म्हणजे बागायतदारांचे जुने वाडे. फ्रान्समधली सगळ्यात मानाची गोड पांढरी वाइन इथली. तिच्याबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात: ती फार महाग असते आणि ती फार गोड असते. दोन्हींत तथ्य आहे, पण नुसत्या गोडाच्या अपेक्षेने गेलात तर तिची खरी खुमारी हातून निसटेल. ही वाइन उभी असते आंबटपणावर. गोड जिभेवरून उतरल्यावर मागे काय राहतं तिकडे लक्ष ठेवायचं. या लेखातला जवळजवळ सगळा सल्ला त्यातूनच आलेला आहे.

माझी मावसबहीण तुलूजला असते. तिच्याकडून मोटरवेने लांगों या इथल्या जवळच्या शहरापर्यंत यायला दोनेक तास लागतात. गाडी ताई चालवणार, म्हणून तिने सगळीकडे फक्त वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यात थुंकायचा, हे आधीच ठरलं होतं. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅमची आहे आणि चाखण्याचे छोटे छोटे घोट मिळून ती सहज ओलांडली जाते. थुंकण्यात तिथे कुणालाच वावगं वाटत नाही. वाइन बनवणारेसुद्धा दिवसभर तेच करतात.

सकाळी सगळ्यात आधी सिरों नदीवर जा. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे उजाडायलाच आठ वाजतात, त्यामुळे फार लवकर उठावं लागत नाही. सिरों ही लांदच्या जंगलातून येणारी लहान नदी. दोन्ही काठांना दाट झाडी, पाण्यावर ऊन फारसं पडत नाही, म्हणून पाणी गारेगार. बार्साक आणि प्रेन्याकच्या मधे ती गारोनला मिळते, आणि गारोनचं पाणी त्या मानाने उबदार. शरदातल्या रात्री या फरकातून धुकं उठतं आणि बागांवर पसरतं. आम्ही पुलावर पोचलो तेव्हा पलीकडच्या वेलींची रांग चौथ्या-पाचव्या खांबापुढे दिसेनाशी होत होती आणि ताईला दर दोन मिनिटांनी चष्मा पुसावा लागत होता. अकराच्या सुमारास धुकं विरलं. दुपारी लख्ख, कोरडं ऊन पडलं.

सकाळचा ओलावा आणि दुपारचं ऊन, या जोडीवर इथला सगळा संसार चालतो. ओलाव्यात बोट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी द्राक्षावर धरते आणि तिचे तंतू सालीला बारीक छिद्रं पाडतात. दुपारच्या उन्हावाऱ्यात त्या छिद्रांतून मण्यातलं पाणी उडून जातं; साखर आणि आम्ल आतल्या आत दाटत जातात. बुरशी स्वतःही त्यातलं काही खाते आणि पूर्वी द्राक्षात नव्हते असे गंध तयार करते. याला नोबल रॉट, म्हणजे उमदी कूज, म्हणतात. मात्र पावसाने ठाण मांडलं तर हीच बुरशी घडच्या घड नासवून टाकते. नाशिककडे घडावर बुरशीचा संशय आला तरी फवारणीची धावपळ सुरू होते. भुरी आणि डावणीने किती घरांची झोप उडवली आहे ते आपल्याला ठाऊक आहे. इथला बागायतदार मात्र सप्टेंबरात आभाळाकडे डोळे लावून बुरशीचीच वाट बघत असतो. जोखीम दोघांचीही तितकीच.

तोडणी चालू असलेली बाग दिसली तर गाडी बाजूला लावा, परवानगी विचारा आणि जवळ जाऊन बघा. आम्हाला एका बाईंनी वेलीवरचा घड तळव्यावर तोलून दाखवला. एकाच घडात तीन अवस्था होत्या. काही मणी अजून सोनेरी, त्यांच्यावर नुसते तपकिरी ठिपके. काही सगळेच्या सगळे जांभळट तपकिरी झालेले, पण आकार शाबूत. आणि काही पार सुरकुतलेले, वर राखाडी लव आलेले. त्यांनी छोट्या कात्रीच्या टोकाने तेवढेच सुरकुतलेले मणी टोपलीत पाडले, बाकी घड वेलीवर तसाच ठेवला आणि एक मणी माझ्या हातावर ठेवला. दिसायला तो खरंच किळसवाणा होता. तोंडात टाकल्यावर आधी दाट गोडी, तिच्यामागून जर्दाळू, आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या कडांना झोंबणारं आंबट. वाइनच्या आधी असा मणी चाखायला मिळाला तर सोडू नका. पुढे पेल्यात काय शोधायचं ते या एका मण्यात कळतं.

मागे ठेवलेल्या मण्यांसाठी तोडणारे काही दिवसांनी पुन्हा येतात, त्यानंतर पुन्हा. इथल्या सगळ्यात नामांकित शातोच्या, शातो दिकेमच्या बागेत अशा पाच-सहा फेऱ्या होणं नेहमीचं आहे. तिथलं उत्पन्न हेक्टरी जेमतेम ९०० लिटर, म्हणजे एका वेलीमागे एक पेला. बोर्दोतल्या लाल वाइनच्या बागा याच्या कितीतरी पट देतात. बागेत उभं राहून हे बघितलं की बाटलीच्या किमतीबद्दल कुरकुर करावीशी वाटत नाही.

मण्यांचा रस इतका गोड असतो की सगळी साखर आंबली तर अल्कोहोल २० टक्क्यांवर जाईल. पण १४ टक्क्यांच्या आसपास यीस्टचा दम संपतो आणि उरलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. दिकेममध्ये ती लिटरला साधारण १२० ते १५० ग्रॅम असते. एवढी साखर नुसत्या पाण्यात घातली तर दोन घोटांत तोंड मिटेल. इथे तसं होत नाही, कारण साखरेबरोबर आम्लही दाटलेलं असतं.

आता चाखण्याबद्दल. क्रम सांभाळा: आधी बार्साक, मग सोतेर्न, आणि दिकेम जमलं तर अगदी शेवटी. बार्साकची जमीन चुनखडीची, वर तांबूस वाळू. तिथली वाइन हलकी आणि तरतरीत. सोतेर्न, बोमच्या टेकड्यांवर वर गोटे-खडी आणि खाली चिकणमाती. तिथली वाइन भरदार. द्राक्षं दोन्हीकडे तीच. मुख्य सेमियों, जिची पातळ साल बुरशीला सहज वाट देते. जोडीला सोव्हिन्यों ब्लां, तिच्याकडून ताजेपणा येतो. आणि काही ठिकाणी थोडी म्युस्कादेल. बार्साकच्या बाटलीवर बार्साक किंवा सोतेर्न, दोन्हींपैकी काहीही लिहायची मुभा आहे, त्यामुळे लेबल नीट वाचून घ्या.

आम्ही बार्साकला शातो कुते आणि सोतेर्न गावात शातो गिरो अशी जोडी केली, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही मी हीच सुचवेन. इथल्या शातोंची १८५५ मध्ये जी प्रतवारी ठरली तिच्यात दोन्ही पहिल्या वर्गात आहेत. कुतेच्या पेल्यात रंग फिका सोनेरी होता. वासाला लिंबाची साल, पांढरी फुलं, थोडासा मध. मी घोट घेऊन लगेच पेला पुन्हा उचलला तर ताईने हात धरला. "अगं, थांब जरा. वीस आकडे मोज, मग घे." मोजले. सात-आठाच्या आत गोड ओसरलं होतं, मग लिंबू आलं, आणि विसापर्यंत संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा टिकून होता. तोंड अगदी स्वच्छ. दुपारी गिरोचा पेला तसाच मोजून घेतला: इथे जर्दाळू, अननस, आल्याचा हलका झोत, सगळंच जास्त दाट, आणि आंबट उशिराने वर आलं. एकाच टापूत, एकाच द्राक्षातून, जमीन बदलल्यावर एवढा फरक पडतो हे मला त्या दोन पेल्यांनी जितकं शिकवलं तितकं कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. शक्य असेल तर एकाच शातोची नवी आणि जुनी अशा दोन सालांची वाइन शेजारी शेजारी मागा. जुनी अंबरासारख्या रंगाकडे झुकलेली असते, आणि तिच्यात फळं मागे जाऊन सुकामेवा, कॅरमेल, केशर पुढे येतं.

शातो दिकेम सोतेर्नच्या सगळ्यात उंच टेकडीवर आहे. १८५५ मध्ये गोड पांढऱ्या वाइन्सची प्रतवारी झाली तेव्हा तिच्यासाठी सगळ्यांच्या वरचा एक वेगळा वर्ग काढला गेला, आणि त्या वर्गात आजही ती एकटीच आहे. लूर-सालूस घराण्याकडे ती १७८५ मध्ये लग्नसंबंधातून आली आणि दोनशे वर्षांहून जास्त त्यांच्याकडे राहिली. १९९९ पासून बहुतांश मालकी एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच उद्योगसमूहाकडे आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफर्सन १७८७ मध्ये बोर्दोला येऊन गेले आणि त्यांनी इथल्या १७८४ सालच्या वाइनच्या २५० बाटल्या मागवल्या. मला मात्र या घराबद्दल सगळ्यात आदर वाटतो तो त्यांनी न केलेल्या वाइनमुळे. द्राक्षं मनासारखी नसली तर त्या साली दिकेम निघतच नाही. १९७२, १९७४, १९९२, २०१२ या सालांची बाटली तुम्हाला कुठेच मिळणार नाही. वर्षाची मेहनत आणि कमाई अशी सोडून द्यायला मोठी छाती लागते.

इथली भेट आगाऊ नोंदणी करूनच मिळते, शुल्क चांगलंच आहे आणि शेवटी पेला लहान मिळतो. तरीही जमत असेल तर कराच. पेला हातात आल्यावर पहिली काही मिनिटं पिऊ नका, नुसता वास बदलत जातो तो बघा. केशर घातलेल्या मोरांब्याची बरणी उघडल्यावर जे अंगावर येतं त्याच्या जवळचं काहीतरी मला तिथे मिळालं, पण त्याच्या खाली एक ताठ, थंड आंबटपणा सतत जागा होता. वीस आकडे मोजून झाले, चाळीस झाले, चव जागेवरच. दिकेमची नोंदणी मिळाली नाही तरी दौरा वाया जात नाही. दोन बार्साक आणि दोन सोतेर्न शांतपणे चाखल्या तर ही वाइन कळायला तेवढ्या पुरतात.

जेवणाचं. हिला गोड पदार्थाबरोबर शेवटी ठेवणं मला पटत नाही. केक, पेस्ट्रीपुढे तिचा आंबटपणा झाकला जातो आणि ती बापुडवाणी लागते. खारट, तिखट, चरबट पदार्थांबरोबर ती खुलते. तिथले लोक रोकफोर हे खारट निळं चीज, भाजलेली कोंबडी, फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं चरबट यकृत) यांच्याबरोबर घेतात. तुलूजला परतल्यावर ताईने नारळाच्या दुधातलं कोळंबीचं कालवण केलं होतं, बऱ्यापैकी झणझणीत. त्याच्याबरोबर आमची बार्साक इतकी जमली की बाटली ताटावरच संपली. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवा: रोकफोरमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध साकळवायला वापरलेला जनावराच्या जठरातला पदार्थ असतो, आणि गावातल्या खानावळींत मांसाशिवायचे पदार्थ कमी असतात, म्हणून टेबल राखतानाच सांगून ठेवा. दुपारची जेवणाची वेळ चुकवू नका. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं.

गाडी नसेल तर पॅरिसहून बोर्दोपर्यंत टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दोन तासांच्या थोडं वर लागतात, आणि बोर्दोच्या सेंट-जाँ स्थानकावरून लांगोंकडे जाणाऱ्या लोकल गाड्या अर्ध्या तासात पोचवतात. त्यांतल्या काही बार्साक आणि प्रेन्याकलाही थांबतात. तिथून पुढे सायकल उत्तम, कारण चढ फार नाहीत. टॅक्सी आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. शातोंच्या भेटी ईमेलवर आधी ठरवा, दिवसाला दोन, फार तर तीन. चौथीला जीभ गोडाने बधिर झालेली असते. सकाळी अत्तर लावू नका, आणि चाखण्याआधी कॉफी टाळा. मधेमधे पाणी आणि साधा पाव.

खरेदीसाठी सोतेर्न गावातलं मेझों द्यू सोतेर्न हे दुकान बघा. आसपासच्या बऱ्याच शातोंच्या बाटल्या एका छताखाली मिळतात. दिकेमची बाटली काहीशे युरोंची असते, पण पहिल्या वर्गातल्या बाकी शातोंच्या चांगल्या बाटल्या बऱ्याचदा ३० ते ६० युरोंत येतात, आणि त्यांच्या दुय्यम वाइन्स त्याहून स्वस्त. साल निवडायचं तर २००१ अप्रतिम, फक्त ते आता महाग झालं आहे. २००९ आणि २०१५ बिनधास्त घ्या. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणून ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्या घ्या: पाच बसतात, आणि पाच वेगळ्या शातोंच्या घेता येतात. त्या चेक-इन सामानातच टाकाव्या लागतात, तेव्हा जाड कपड्यांत गुंडाळा. घरी आल्यावर आडव्या, अंधारात, जमेल तितक्या थंड जागी ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रिजचा खालचा कप्पा माळ्यापेक्षा बरा. प्यायच्या वेळी १० अंशांच्या आसपास असू द्या, कारण बर्फगार केली तर वास मुका होतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर छान राहते, आणि माझ्या मते दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापेक्षा जास्त मोकळी झालेली असते.