शिरोलीच्या फाउंड्रीतलं एक वाक्य

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी आठवड्यातून एकदा दुपारी इंग्रजी शिकवायला जाते. समोर बसतात ती क्वालिटी, डिस्पॅच, परचेसमधली तरुण मुलं. कागल, हातकणंगले, पन्हाळ्याकडची, बहुतेक मराठी शाळेत शिकलेली. बोलताना अडखळतात, पण परदेशी ग्राहकांना मेल रोज त्यांनाच लिहावे लागतात. म्हणून तिथं शिकवलेलं व्याकरण वहीत पडून राहत नाही, लगेच कामाला लागतं.

एका दुपारी तिथं एका मेलमधल्या वाक्यावरून गोंधळ झाला. त्याच्या आदल्या तासाला मी क्लेफ्ट वाक्यं घेतली होती, म्हणजे एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी दोन भागांत फोडलेली वाक्यं. उदाहरण कोल्हापूरचंच. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. हेच इंग्रजीत साधं सरळ लिहिलं, मग फोडलं. ‘इट वॉज शाहू महाराज हू...’ असं सुरू केलं की ‘कुणी?’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ‘इट वॉज इन 1902 दॅट...’ म्हटलं की ‘कधी?’चं. मराठीत आपण ‘च’ लावतो, शब्द मागंपुढं करतो आणि काम होतं. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म सहसा आपली जागा सोडत नाहीत. बोलताना आवाजानं जोर देता येतो, मेलमध्ये आवाज कुठून आणणार? म्हणून वाक्य दुभंगायचं. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं 1937 साली या रचनेला क्लेफ्ट हे नाव दिलं.

मुलांना हे फार आवडलं. क्वालिटीतल्या मुलाला तर सगळ्यात जास्त.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा ऑफिसात धावपळ होती. युरोपातल्या एका ग्राहकाचा मेल आला होता: पंप बॉडीच्या प्रेशर टेस्टमध्ये काही नग गळतात, तपास करून कळवा. एवढंच. क्वालिटीतल्या मुलानं उत्तराचा मसुदा तयार ठेवला होता. ‘‘मॅडम, क्लेफ्ट वापरलंय, बघा की,’’ म्हणाला. पहिलंच वाक्य होतं, ‘इट वॉज नॉट अवर सँड दॅट कॉज्ड द ब्लोहोल्स.’ म्हणजे, ब्लोहोल पडले ते आमच्या साच्याच्या वाळूमुळं नव्हे. ब्लोहोल म्हणजे ओतताना वायू अडकून लोखंडात राहिलेली पोकळी.

व्याकरणात चूक नव्हती. पण मला ते वाचून धस्स झालं. मी काही बोलायच्या आत मालकांनी मेल्टिंगच्या मामांना बोलावलं आणि मसुदा मराठीत सांगायला लावला. मामांचं सगळं आयुष्य भट्टीपुढं गेलेलं, इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘‘वाळूमुळं ब्लोहोल पडलं न्हाईत, म्हंजे दुसऱ्या कशानं तरी पडल्यात की! कुणी बघितल्यात?’’

मी अर्धा तास जे समजावून सांगितलं असतं ते मामांनी एका दमात सांगितलं. ग्राहकानं ब्लोहोल हा शब्द काढलाच नव्हता. तो फक्त गळती म्हणाला होता. गळती कशानंही होते: सीलिंग फेस नीट मशिन झाला नसेल, गॅस्केट चुकलं असेल, बारीक तडा असेल. आमच्या मसुद्यानं मात्र ब्लोहोल आहेत हे परस्पर कबूल करून टाकलं होतं. क्लेफ्टचा हा गुण मला त्या मुलांपर्यंत पोचवायचाच होता. ‘इट वॉज’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये जे येतं त्यावर जोर पडतो, पण ‘दॅट’च्या पुढचं सगळं आधीच ठरलेलं, दोघांना मान्य असलेलं समजलं जातं. मध्ये ‘नॉट’ घातलं तरी ते पुसलं जात नाही. नकार फक्त वाळूला लागतो, ब्लोहोल तसेच राहतात. साधं वाक्य, ‘अवर सँड डिड नॉट कॉज ब्लोहोल्स’, लिहिलं असतं तर निदान इतकी पक्की कबुली झाली नसती.

मालकांनी मेल थांबवला. त्याच हीट नंबरचा, म्हणजे भट्टीच्या त्याच घाणीतून ओतलेला, एक नग स्टोअरमध्ये शिल्लक होता. तो कापला. तास शॉपफ्लोअरवरच झाला म्हणायचा, कारण सगळी मुलं करवतीभोवती गोळा झाली होती. आतल्या पोकळीच्या कडेला, कोअर (ती पोकळी राखायला साच्यात ठेवलेला गाभा) बसतो तिथं, गुळगुळीत भिंतीचा एक खड्डा सापडला. वायू अडकून झालेला, वरून मुळीच न दिसणारा. मामांनी त्यावरून बोट फिरवलं आणि कोअर शॉपकडं गेले. त्या लॉटमधले काही कोअर रॅकवर उरले होते. त्यांतल्या बऱ्याच कोअरचे व्हेंट, म्हणजे वायू बाहेर जायची भोकं, बुजलेले निघाले. ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेनं कोअरमधून निघणारा वायू बाहेर जायला वाटच नव्हती. त्या दिवसाच्या वाळूच्या ओलाव्याची नोंदही काढली, ती ठीक होती.

म्हणजे मुलाचं म्हणणं खरं निघालं, वाळूचा दोष नव्हताच. पण सकाळी ते लिहायचा त्याला अधिकार नव्हता, दुपारनंतर आला. माझ्या मते हा फरक कळणं हेच क्लेफ्ट शिकणं आहे. पाठ्यपुस्तकं ‘जोर देण्यासाठी’ एवढंच सांगून पुढं जातात, ते मला अपुरं वाटतं.

मग आम्ही नव्यानं लिहायला बसलो. ग्राहकाला ब्लोहोल अजून माहीत नव्हता, म्हणून ती बातमी आधी द्यायची. त्यासाठी ‘व्हॉट’ची रचना बरी, तिच्यात नवीन माहिती शेवटी येते: ‘व्हॉट वी फाउंड ऑन कटिंग वन कास्टिंग वॉज अ ब्लोहोल निअर द कोअर.’ आता ब्लोहोल दोघांच्याही पुढ्यात आला. त्यानंतर ‘इट’: ‘इट वॉज द कोअर व्हेंट्स, नॉट द सँड, दॅट कॉज्ड इट.’ व्हेंट अनेक, मग ‘वॉज’च्या जागी अनेकवचनी ‘वर’ का नाही, असं डिस्पॅचच्या मुलीनं विचारलं. चांगला प्रश्न. सुरुवातीचं ‘इट’ एकवचनीच, म्हणून पुढं कितीही वस्तू आल्या तरी ‘वॉज’.

कृतीवर जोर द्यायचा होता तिथं ‘इट’ चालत नाही, क्रियापद त्या चौकटीत बसतच नाही. म्हणून शेवटी, ‘व्हॉट वी हॅव डन इज स्टॉप द होल लॉट.’ मालकांनी ते वाचलं, लॉट खरंच थांबवायला सांगितलं आणि मगच मेल पाठवू दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोषारोप नव्हता. ‘व्हॉट वी नीड नाऊ इज द लिस्ट ऑफ अफेक्टेड हीट्स,’ असं लिहिलं होतं. मुलानं मला फोनवर ते वाचून दाखवलं, रचना ओळखली, आणि कोअर शॉपचं रजिस्टर काढायचंय म्हणून फोन ठेवला.