तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बेवड्याची रेकॉर्ड मी का ऐकते

दर गणपतीत कुणी ना कुणी विचारतंच. जेवणं झालेली असतात, कुणाची तरी नजर आमच्या रेकॉर्डच्या खणाकडे जाते आणि मग तोच प्रश्न, तुझ्या वडिलांनी दारूपायी घराचं काय केलं ते आम्हाला माहितीये, तरी तू त्या दारुड्या अमेरिकन गायकाला, जॉर्ज जोन्सला, ऐकूच कशी शकतेस? आत्तापर्यंत "आवाज चांगला आहे हो" म्हणून मी वेळ मारून नेली. यंदा विचारणारी मैत्रीण जवळची होती आणि तिच्या आवाजात जरा आरोप होता, म्हणून एकदाच नीट लिहिते.

रेकॉर्ड म्हणजे 'आय ॲम व्हॉट आय ॲम', १९८० ची. मी टेक्सासात बोमाँटला रिफायनरीत नोकरीला लागले तेव्हा एका वयस्कर सहकाऱ्याने दिली होती. जोन्स इथलाच, त्याचं जन्मगाव साराटोगा इथून तासाभरावर. टेक्सासात त्याचं नाव काढलं की लोक पहिल्यांदा काय सांगतात तर बायकोने गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या म्हणून हा गवत कापायच्या यंत्रावर बसून दारूच्या दुकानापर्यंत गेला. आणि हसतात. मला कधीच हसू आलं नाही. मला ती किल्ल्या लपवणारी बाई दिसते, कारण आमच्याकडे आई लुनाची किल्ली तांदळाच्या डब्यात घालून ठेवायची.

आणि या अल्बमचं नावच मला आधी सहन व्हायचं नाही. मी आहे हा असा. अरे, हे तर प्रत्येक दारुड्याचं वाक्य आहे! माझे वडील, अण्णा, हेच म्हणायचे. त्यातल्या एका गाण्यात पहाटे चारला माणूस घरी येतो, स्टीअरिंगवर डोकं टेकतो, हॉर्न वाजत राहतो आणि सगळ्या वस्तीला कळतं की आज परत पिऊन आलाय. आमच्या गल्लीला लुना आपटल्याच्या आवाजावरून कळायचं. ते गाणं मी ऐकत नाही असं मी तुम्हाला कित्येकदा सांगितलंय. खोटं होतं ते. ऐकते.

आता मुख्य गाण्याबद्दल, 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'. गोष्ट एवढीच की एक माणूस म्हणाला होता मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, आणि आज त्याने प्रेम करणं थांबवलं. जोन्सला स्वतःला गाणं आवडलं नव्हतं, फार लांब, फार दुःखी, कोण घेणार असं त्याचं म्हणणं. निर्माता बिली शेरिल मागेच लागला. जोन्स तेव्हा दारू आणि कोकेनने पार खलास झालेला, दिवाळखोर, कार्यक्रमाला येईलच याची खात्री नाही, चाल विसरून दुसऱ्याच एका प्रसिद्ध गाण्याच्या चालीवर गायचा. आणि गाण्यात शेवटाकडे काही ओळी नुसत्या बोलायच्या आहेत, गायच्या नाहीत. त्या त्याला जमेनात. गाणं तो पिऊनही गायचा, आयुष्यभर गायला आणि कुणाला पत्ता लागला नाही, पण पिऊन बोलायला गेला की जीभ जड व्हायची. पहिलं कडवं आणि त्या बोललेल्या ओळी यांच्यात जवळपास १८ महिने गेले असं त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. चार ओळींना दीड वर्ष!

हे वाचलं त्या दिवशी मी रिफायनरीच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले होते.

कारण अण्णा. इचलकरंजीत मागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. भजनी मंडळात पहिला आवाज त्यांचा. माझी दहावीची परीक्षा, दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर, रात्री दीडच्या सुमाराला लुना आपटली. सोबत कारखान्यातले दोघं. "ऊठ गं, पाव्हणं आल्यात, अभंग म्हण." (जोन्सचा बाप पण असाच, रात्री पिऊन यायचा आणि पोराला झोपेतून उठवून गायला लावायचा, नाही गायलं तर मार. हे मला खूप नंतर कळलं.) मी उभी राहिले. फ्रॉकवर आईचं स्वेटर घातलेलं, पायाखाली फरशी गार. आईने मधे पडून सांगितलं पोरीचा पेपर आहे, तर तिच्या कानाखाली बसली. पाव्हणे खाली बघत होते. मी सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला आवाज गेला, नुसती हवा. मला वाटलं आता माझी पाळी. पण अण्णा भिंतीला टेकून खाली बसले आणि तो अभंग त्यांनीच उचलला, जिथे मी सोडला होता तिथूनच, त्याच पट्टीत. पूर्ण म्हटला. एक शब्द इकडचा तिकडे नाही, सूर असा लागलेला की त्या दोघांतला एक रडायला लागला. आणि आई गाल धरून उभी असताना मला ते आवडलं. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटत होतं थांबू नये.

सकाळी केंद्राबाहेर रस्त्याच्या पलीकडे अण्णा उभे. कामावर गेलेच नव्हते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन केळी. रस्ता ओलांडून आले, पिशवी माझ्या हातात दिली, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी वाट बघत होते, खरंच वाट बघत होते, घंटा होईपर्यंत. शेवटी म्हणाले, "कंपासपेटी घेतलीस न्हवं?"

बास. त्यानंतर २३ वर्षं जगले. मी अमेरिकेत आले, दर रविवारी फोन, पाऊस किती, सिलिंडर आला का. त्या रात्रीचं अवाक्षर नाही.

जोन्सने त्या ओळी अखेर बोलल्या. गाण्यातली ती बाई त्या मेलेल्या माणसाला शेवटचं बघायला आली, येईल की नाही असं सगळ्यांना वाटत होतं, एवढंच आहे त्यात. पण साधं, कोरडं, सरळ बोललाय. ते ऐकायला मी लावते ही रेकॉर्ड. तुम्ही म्हणाल मग तू बापाला माफ केलंस. नाही केलं. पंचविशीत मी म्हणायचे की कला वेगळी आणि माणूस वेगळा, आता ते वाक्य मला पळपुटं वाटतं, कारण तो सूर आणि ती कानाखाली एकाच माणसाची, एकाच रात्रीची. त्या गाण्याने जोन्सची कारकीर्द सावरली, सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याचं एकट्याचं गाणं पहिल्या नंबरवर गेलं, ग्रॅमी मिळालं, पण दारू सुटली नाही, ती पुढे कित्येक वर्षं चालूच होती. म्हणजे बोलून टाकलं की माणूस सुधारतो असंही नाही. मग मला अण्णांकडून नेमकं काय हवं होतं? मला अजून सांगता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. एका दुपारी ही रेकॉर्ड लागलेली, बोलायच्या ओळी आल्या तेव्हा तिने भाजी निवडता निवडता विचारलं, हा आता गायचं सोडून बोलतोय काय? मी सांगितलं. ती म्हणाली, "मी नसते गेले बघायला."

अण्णांच्या शेवटच्या आजारात २२ रात्री ती हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपली होती. मी काही बोलले नाही. बाजू संपेपर्यंत तिने सगळी मेथी निवडली, मग म्हणाली, मागच्या बाजूला पण त्याचीच गाणी असतील ना, लाव.